फ्रीबीएसडी: पोर्ट्स कंपाइल केल्यावर उरलेला पसारा कसा आवरावा?

प्रश्न
मंडळी, फ्रीबीएसडीवर बरीच सॉफ्टवेअर पोर्ट्समधून (सोर्सवरून प्रोग्राम बांधण्याच्या कृतींचा संग्रह) कंपाइल केली आहेत, आता डिस्क ९६ टक्के भरली. /यूएसआर/पोर्ट्स मध्ये जाऊन ‘मेक क्लीन’ दिलं तर तासभर झाला तरी संपत नाही. /यूएसआर/ओबीजे (सिस्टिम कंपाइल करताना बनलेल्या फाइली) काढायला गेलो तर रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, असूनही ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ येतं. बिनधोक काय काय उडवता येईल?

उत्तर १
सगळ्यात वरून दिलेलं मेक क्लीन एकेका पोर्टमध्ये शिरून त्याची मेकफाइल वाचत बसतं. पोर्ट्स तीस हजारांच्या वर आहेत, कचरा त्यातल्या शेदोनशेंतच असतो. कंपाइल करताना बनलेल्या तात्पुरत्या फाइलींच्या ‘वर्क’ डिरेक्टऱ्या थेट शोधा. आधी नुसती यादी काढा:

फाइंड /यूएसआर/पोर्ट्स -माइनडेप्थ ३ -मॅक्सडेप्थ ३ -टाइप डी -नेम वर्क

यादी डोळ्यांखालून घातली की त्याच ओळीच्या शेवटी ‘-एक्झेक आरएम -आरएफ {} +’ जोडा. खोली ३ च ठेवा, कारण वर्क नेहमी प्रवर्ग, मग पोर्ट, याच्या आत असते. त्याहून खाली जाऊ दिलं तर फाइंड सोडवलेल्या सोर्समध्ये उगाच भटकत राहतं.

इन्स्टॉल झालेल्या प्रोग्रामला याने धक्का लागत नाही. ‘मेक कॉन्फिग’मध्ये निवडलेले पर्यायही /व्हार/डीबी/पोर्ट्स मध्ये असतात, ते जसेच्या तसे राहतात.

उत्तर २
वरच्या ओळीत एक दुरुस्ती हवी. फ्लेवर (एकाच पोर्टचे वेगवेगळे प्रकार) असलेल्या पोर्टची डिरेक्टरी नुसती ‘वर्क’ नसते, तिला ‘वर्क-पीवाय३११’ अशी शेपटी असते, आणि पायथनचे पोर्ट्स बहुतेक असेच. म्हणून -नेम 'वर्क*' लिहा. अवतरणचिन्हं विसरू नका, नाहीतर तो तारा फाइंडपर्यंत पोचायच्या आधीच शेल उलगडू शकतो.

/यूएसआर/पोर्ट्स/डिस्टफाइल्स सुद्धा ‘डीयू -एसएच’ने मोजा. तिथे डाउनलोड केलेली मूळ सोर्सची गठडी साठत जातात आणि मेक क्लीन त्यांना हात लावत नाही. काढली तरी चालतात, पुढच्या वेळी परत डाउनलोड होतील इतकंच.

उत्तर ३
ओबीजेबद्दल. तिथल्या काही फाइलींवर ‘एसचेंज’ हा फ्लॅग (फाइल बदलू किंवा पुसू न देणारी खूण) असू शकतो. तो असेपर्यंत रूटलाही फाइल काढता येत नाही, आणि ‘आरएम -आरएफ’मधला एफ इथे काही कामाचा नाही. आधी फ्लॅग उतरवा:

सीएचफ्लॅग्ज -आर नोएसचेंज /यूएसआर/ओबीजे/यूएसआर
आरएम -आरएफ /यूएसआर/ओबीजे/यूएसआर

पहिली ओळच नाकारली गेली तर ‘सिसकंट्रोल कर्न.सिक्युअरलेव्हल’ने कर्नलची सुरक्षा-पातळी पाहा. आकडा १ किंवा त्याहून मोठा असेल तर फ्लॅग निघणार नाही. चालू मशीनवर हा आकडा खाली आणता येत नाही, सिंगल-युजरमध्ये बूट करून काढा.

बिल्डवर्ल्ड (सिस्टिम सोर्सवरून कंपाइल करणं) झालं आहे पण इन्स्टॉलवर्ल्ड (ती बसवणं) बाकी आहे, अशा अवस्थेत मात्र ओबीजेला हात लावू नका. इन्स्टॉल तिथूनच होतं.

प्रश्नकर्ता
सगळं केलं. डीयू कमी दाखवतं, पण मोकळी जागा जेमतेम वाढली. फाइलसिस्टिम झेडएफएस आहे.

उत्तर ३
मग जुन्या स्नॅपशॉटनी (फाइलसिस्टिमची त्या-त्या क्षणीची गोठवलेली स्थिती) पुसलेल्या फाइलींचे ब्लॉक धरून ठेवले आहेत. ‘झेडएफएस लिस्ट -टी स्नॅपशॉट’ देऊन ‘यूज्ड’चा रकाना बघा. तिथे दिसते ती फक्त त्या एकट्या स्नॅपशॉटची जागा. दोन-तीन स्नॅपशॉटमध्ये सामायिक असलेले ब्लॉक कुणाच्याच नावावर दिसत नाहीत, त्यामुळे सगळे आकडे लहान असूनही एकूण जागा मोठी अडकलेली असू शकते. नको असलेले ‘झेडएफएस डिस्ट्रॉय’ने काढा, पण आधी -एनव्ही लावून चालवा, म्हणजे काहीही न पुसता किती जागा सुटेल ते कळतं. पोर्ट्स आणि ओबीजे वेगळ्या डेटासेटवर (झेडएफएसमधली स्वतंत्र फाइलसिस्टिम) ठेवून ते स्नॅपशॉटमधून वगळा.