स्पोर्ट्स कारला टायर कोणते घ्यावेत? (सोसायटी ग्रुप, जळगाव)

ए-302 : मंडळी, सल्ला हवाय. सेकंड हँड स्पोर्ट्स कार घेतली, तिचे टायर संपत आलेत. साइज 225/45 आर17. दुकानदार म्हणतो 18 इंची अलॉय रिम टाका, वर सेमी-स्लिक टायर घ्या, रस्त्याला चिकटून चालेल. रोज भुसावळ आणि अधूनमधून अजिंठा घाटाने संभाजीनगर. कोणाला माहिती असेल तर सांगा भो.

बी-104 : दादा, 18 नका करू. आत्ता रिम आणि रस्त्यामध्ये रुंदीच्या (225 च्या) 45 टक्के, म्हणजे 101 मिमी रबर आहे. 225/40 आर18 केलं की 90. चाक बाहेरून जवळपास तेवढंच, पण खड्डा सोसणारं रबर सेंटीमीटरभर कमी. पावसात खड्डा पाण्याखाली असतो, पहिला दणका रिमला आणि टायरच्या बाजूला. बाजूला फुगा आला की टायर गेलाच, तिथे पंक्चर काढून चालत नाही.

सी-201 : एवढा खर्च कशाला? जास्त किलोमीटर चालणारा टायर टाका, चार-पाच वर्षं बघायला नको.

बी-104 : काका, साध्या गाडीला तुमचं बरोबर आहे. पण जास्त टिकणारं रबर सहसा कडक असतं आणि या गाडीची ताकद उतरते ती टायरमधूनच. टायरवर 'ट्रेडवेअर' असं लिहून आकडा असतो. 200 च्या आसपासचे ट्रॅककडे झुकणारे, 300 च्या आसपासचे रस्त्यावरचे परफॉर्मन्स टायर, 500 च्या पुढचे टिकाऊ. प्रत्येक कंपनी आपापलं मोजते, त्यामुळे अंदाजापुरतंच धरा.

सेमी-स्लिकला खाचा कमी. कोरड्यात छान धरतो, पण हायवेवर पाणी साचलं की ते बाहेर निघायला जागाच नाही. टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं. त्यात आपल्याकडे शेतातून निघालेले ट्रॅक्टर काळी माती डांबरावर आणतात, पहिल्या पावसात तिचा साबण होतो. म्हणून मी ओल्यातलं ब्रेकिंग आधी बघेन. मिशेलिनचा पायलट स्पोर्ट, ब्रिजस्टोनचा पोटेंझा, योकोहामाचा ॲडव्हान, या घराण्यातला तुमच्या साइजमध्ये जो ताजा मिळेल तो घ्या. ऑल-सीझन कोणी सुचवला तर सोडा. तो उन्हाळा आणि हलका बर्फ दोन्ही असलेल्या मुलखासाठीची तडजोड.

ए-302 : ताजा कसा ओळखायचा?

बी-104 : टायरच्या बाजूवर 'डीओटी' लिहून नंबर असतो, त्याच्या शेवटचे चार आकडे. 1225 म्हणजे 2025 चा बारावा आठवडा. चारही टायरचे वाचा, एकाचा बघून गप्प बसू नका. साइजपुढे 91डब्ल्यू असेल तर एका टायरला 615 किलो आणि ताशी 270 किमीची परवानगी. त्या वेगाने कोणी जाणार नाही, पण वेगाचा दर्जा जितका वरचा तितका टायर उष्णता जास्त सोसतो. मे महिन्यात जळगावात हे लागतंच.

बी-403 : पुढचेच झिजले असतील तर दोनच घेतले तर?

बी-104 : ताई, चालेल, पण नवे दोन मागे बसवायचे. गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असली तरी. ओल्या वळणावर पुढून घसरली तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढून सावरता येते, मागून सुटली तर बहुतेकांच्या हातात राहत नाही. घाट करणाऱ्याने तर हे पाळावंच.
दादा, एक काम करा. स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि पुढच्या टायरच्या आतल्या कडेवर हात फिरवा. बाहेरून दिसतं तेवढ्यावर जाऊ नका.

ए-302 : आत्ताच पार्किंगमध्ये बघून आलो. बाहेरच्या खाचा ठीक आहेत, पण आतली कड पार गुळगुळीत. एका ठिकाणी तार हाताला लागली.

बी-104 : मग ही गाडी हायवेवर काढू नका. खाचेतल्या आडव्या पट्टीला, म्हणजे 1.6 मिमीला रबर टेकलं तरी बदलायचं असतं, तुमचं तर तारेपर्यंत गेलं. बहुधा टो, म्हणजे चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत तो कोन, बिघडलाय. आधी सस्पेन्शनचे बुश आणि बॉल जॉइंट (चाक धरणारे सांधे) तपासून घ्या, मग नवे टायर, लगेच अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. नाहीतर नवेही असेच आतून खाल्ले जातील.

सी-201 : हवा किती ठेवायची?

बी-104 : दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर आहे तेवढी, सकाळी गाडी थंड असताना. दुपारी चालवून आल्यावर चार-पाच पीएसआय जास्त दिसते, ती काढू नका.

ए-302 : ठरलं मग. 17 च, चारही नवे. शुक्रवारी संभाजीनगरला एसटीने जातो. गाडी सोमवारी क्रेनने गॅरेजला. दुकानात याल का काका सोबत?

सी-201 : येतो. तारखा मी वाचतो.