मदत हवी आहे : फौंड्रीत निअर मिस (थोडक्यात टळलेला अपघात) सांगायला पोरं घाबरतात, काय करू?

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत शिफ्ट सुपरवायझर आहे. मागच्या आठवड्यात भट्टीत ओला स्क्रॅप पडला, आत पाण्याची वाफ होऊन वितळलेल्या धातूचा रस उडाला, कुणाला लागलं नाही नशीब, पण कुणी सांगितलंच नाही, मला दोन दिवसांनी चहाच्या टपरीवर कळलं. विचारलं तर म्हणतात साहेब, सांगितलं की पगार कापतात. खोटं नाही ते, वरून फक्त टनेज विचारतात, सेफ्टीचं पोस्टर तेवढं गेटवर.

भोपाळला १९८४ ला गॅस गळण्याआधी टाकीचं कूलिंग बंद होतं, गळालेला गॅस जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर पण चालू नव्हता. म्हणजे यंत्रणा होती, पण सांभाळायची कुणाला पडली नव्हती. आमच्यात पण तसंच चाललंय, लाईट गेल्यावर भट्टीच्या कॉइलला पाणी चालू ठेवायचा डिझेल पंप शेवटचा कधी चालवून बघितला विचारलं तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. २०१९ च्या महापुरात हायवे बंद झाला तेव्हा जुन्या फिटर मामांनीच सगळं निभावलं, ते आता रिटायर, कागदावर काहीच नाही.

कागल, गोकुळ शिरगावकडं कुणी दंड बंद करून निअर मिस रिपोर्टिंग सुरू केलंय का? मालकांना कसं पटवलं? आणि ठेकेदाराच्या पोरांना त्यात कसं घेतलं, ती तर दर महिन्याला बदलतात. फॉर्म मराठीत असेल तर फोटो टाका प्लीज.