मदत हवी आहे: एका ऑब्जेक्टची किंमत बदलली की दुसऱ्याचीही बदलते!

चहाबाज:
उद्या सकाळी दाखवायचंय आणि डोकं फुटायची वेळ आलीय. प्रोग्राममध्ये साडी नावाचा क्लास (ऑब्जेक्ट बनवायचा साचा) लिहिलाय. त्यातून $पहिली हा ऑब्जेक्ट केला, किंमत १८०० रुपये. मग $दुसरी = $पहिली, आणि फक्त दुसरीची किंमत २५०० केली. पेजवर दोन्ही २५००! कॅशे साफ केला, ब्राउझरही बदलला. लवकर सांगा.

जुनंखोड:
भाषा कुठली? नवा ऑब्जेक्ट बनवणारं न्यू किती वेळा लिहिलंय?

चहाबाज:
पीएचपी, अजून कुठली असणार! न्यू एकदाच.

जुनंखोड:
मग बरोबर चाललंय. = लावून नवी साडी विणली जात नाही, त्याच साडीला दुसरी चिठ्ठी लागते. दोनदा न्यू करा, नाहीतर $दुसरी = क्लोन $पहिली, म्हणजे वेगळी नक्कल होईल.

वाटसरू:
चूक. पीएचपीत = ने कॉपीच होते. मी कायम करतो.

जुनंखोड:
अ‍ॅरेची, म्हणजे यादीची, होते हो. ऑब्जेक्टची व्हायची ती पीएचपी ४ मध्ये. २००४ ला ५ आलं आणि ते संपलं. तुम्ही अ‍ॅरेच वापरत असणार.

वाटसरू:
बरं, असेल.

नागोबा:
पीएचपी सोडा, पायथन शिका.

जुनंखोड:
तिथेही = असंच वागतं.

शिस्तप्रिय:
किंमत पब्लिक, म्हणजे बाहेरून कुणालाही बदलता येईल अशी, का ठेवली आहे? प्रायव्हेट करून सेटर, म्हणजे किंमत बदलणारं फंक्शन, लिहा.

चहाबाज:
त्याने हे सुटेल?

शिस्तप्रिय:
नाही. पण सवय चांगली.

निमा_के:
क्लोन वरवरचा असतो, जपून. ऑब्जेक्टच्या आत दुसरा ऑब्जेक्ट असेल तर तो दोघांत एकच राहतो. मी जुनी ऑर्डर क्लोन करून नवा पत्ता घातला, तर जुन्या बिलावरही नवाच पत्ता! क्लासमध्ये __क्लोन मेथड (क्लोन होताना आपोआप चालणारं फंक्शन) लिहून आतल्याचाही क्लोन करावा लागतो.

चहाबाज:
आमच्या शिकवणीत 'क्लास म्हणजे नकाशा, ऑब्जेक्ट म्हणजे घर' एवढंच घोकून घेतलं. हे कुणी बोललंच नाही.

नागोबा:
अवांतर: कुठली शिकवणी? फी किती? भाच्याला घालायचंय.

चहाबाज:
नका घालू. असो, क्लोन चाललं, १८०० आणि २५०० दिसतंय! धन्यवाद खोडसाहेब. पण आता दुसरीच्या ब्लाउजपीसचा रंग लाल केला तर पहिलीचाही लाल झाला??

जुनंखोड:
ब्लाउजपीस हा वेगळा क्लास आहे, हे आत्ता सांगताय?

निमा_के:
माझा प्रतिसाद वाचा. वरच आहे.