उ. त्रिफळ्याच्या गुळण्या करूनही हिरड्यांतून रक्त

त्रिफळ्याच्या काढ्याने गुळण्या करूनही हिरड्यांतून रक्त येतं, काढा आणखी घट्ट करू का, असं वर कुणी विचारलंय. घट्ट करून काही साधणार नाही. त्यांच्या हिरड्यांजवळ बहुधा कडक थर बसलेला असणार. मऊ कीटण ब्रशने निघतं, गुळण्यांनी नवं जमायचं कमी होतं. पण लाळेतल्या कॅल्शियमने एकदा त्याचा दगड झाला की स्केलिंगशिवाय, म्हणजे दंतवैद्याकडून तो खरवडून काढल्याशिवाय, इलाज नाही. नाशिकच्या पंचवटीतल्या दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत दाखवा.

स्केलिंगनंतर काढा जरूर चालू ठेवा. जुन्या नाशकातल्या काष्ठौषधींच्या दुकानात त्रिफळ्याची भरड मागा, बारीक चूर्ण नको. ते गाळता गळत नाही आणि तोंडात कचकचतं. १० ग्रॅम भरड, १६० मिली पाणी, मंद आचेवर आटवून ४० मिली. भांडं स्टीलचं घ्या. लोखंडी कढईत त्रिफळ्यातल्या टॅनिनमुळे (तुरट द्रव्यामुळे) काढा शाईसारखा काळा होतो. दुहेरी फडक्यातून गाळून, कोमट असताना अर्धा मिनिट खळखळवून थुंका. रोज ताजा करा, उरलेला दुसऱ्या दिवशी आंबतो.

त्यात लवंगेचं तेल थेंबथेंब टाकायचा सल्ला इथे कुणी दिलाय, तो कृपया पाळू नका. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं आणि हिरडी पोळते.

डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडीन (जंतुनाशक माउथवॉश) दिलं असेल तर पेस्टने दात घासल्यावर अर्धा तास थांबून वापरा. पेस्टमधल्या फेस आणणाऱ्या घटकाने त्याचा असर कमी होतो. दातांवर डाग मात्र दोन्हींनी पडतात, त्रिफळ्यानेसुद्धा.