मुलांच्या समूहगानात तीच ती गाणी किती वर्षं?

स्वरवेडी: शालेय समूहगान स्पर्धांना परीक्षक म्हणून जाते. बहुतेक संघ एकाच जातीचं गाणं घेऊन येतात: वीररस, चढी लय, सगळे एकसुरात. देशभक्तीला माझा अजिबात विरोध नाही, पण त्या कोवळ्या आवाजांना अजून कितीतरी येतं! व्हेनिसच्या पिएता अनाथाश्रमातल्या मुलींसाठी संगीतकार विवाल्दीनं रचना केल्या. संगीतकार बेंजामिन ब्रिटनची ‘अ सेरेमनी ऑफ कॅरल्स’ (१९४२) बालस्वर आणि हार्प या तंतुवाद्यासाठी आहे. इंग्रज संगीतकार होल्स्ट तर ऋग्वेदासाठी संस्कृत शिकला आणि १९१० मध्ये त्यानं उषेच्या सूक्तासह चार सूक्तं स्त्रीस्वर आणि हार्पसाठी बांधली. आपल्या मुलींनी ती कधी ऐकलीसुद्धा नाहीत. एका कार्यक्रमात एक ओवी, एक अभंग, एखादं परभाषेतलं, एखादं दोन आवाजांतलं, एवढं तरी हवंच.

तंबोरा_हवाच: पूर्ण असहमत. आपलं संगीत स्वरसंगतीचं, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळे स्वर गाण्याचं, नाही. खाली दुसरा आवाज लावला की राग गेलाच म्हणून समजा. तंबोऱ्याच्या षड्जात, म्हणजे ‘सा’मध्ये, मूल मिसळत नाही तोवर दोन आवाज कसले शिकवता? वैविध्य हवं तर रागांचं द्या, तालांचं द्या. सात मात्रांच्या रूपक तालातली किती गाणी मुलांना येतात?

मडगावची: ‘आपलं’ म्हणजे कोणाचं? आमच्याकडे गोव्यात मांडो हे गीत दोन आवाजांतच गातात. एकीनं सा धरला की दुसरी ग वर, सोबत घुमट हे मातीचं तालवाद्य आणि व्हायोलिन. लग्नघरी मावश्या कागदाशिवाय गातात, कोणी शिकवायला बसत नाही. होल्स्ट जरूर गा, पण त्याआधी शेजारचा मांडो गा की!

स्वरवेडी: @तंबोरा_हवाच, रूपकाचं शंभर टक्के मान्य. पण दुसरा आवाज म्हणजे परका स्वर असं कुठे आहे? भूपाली राग घ्या. सा रे ग प ध, यात अर्ध्या स्वराचं अंतर कुठेच नाही. म्हणून अर्धी मुलं चार मात्रा मागून सुरू झाली तरी कानाला टोचत नाही, आणि रागाबाहेरचा स्वरही येत नाही. अशी अर्ध्या स्वराची अंतरं असलेल्या तोडी रागात हे जमणार नाही, तिथे मी करणारही नाही. हंगेरीत संगीतकार कोदायनं शाळांसाठी हाच रस्ता धरला: आधी लोकगीतांतले पाच स्वर, मग लवकरच दुसरा आवाज. मूल सुरात यायला हवं असेल तर त्याला दुसऱ्याचा सूर ऐकत गायला लावा, असं त्याचं ठाम मत होतं.

आठवीतल्याची_आई: माझ्या मुलाचा आवाज फुटला, तर त्याला सांगितलं गेलं, “तू मागे उभा राहा, नुसते ओठ हलव.” पाचवीपासून गाणारा मुलगा घरीही गुणगुणेनासा झाला. गाणी निवडताना या मुलांचा विचार कोण करतं?

पेटीमास्तर: ताई, हे फार वाईट झालं. अशा मुलांना चार-पाच स्वरांत फिरणारी, खालची सोपी ओळ द्यायची. अभंगात नुसतं धृपद, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, त्यांच्याकडे सोपवलं तरी चालतं. गाणं निवडताना मी शब्दांच्याही आधी त्याचा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा स्वर बघतो. सर स्वतःच्या काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून) सुरुवात करतात, गाणं तार पंचमाला, म्हणजे वरच्या सप्तकातल्या प ला, भिडतं आणि मुलं ओरडू लागतात. तेच त्याखालच्या काळी चारमध्ये छान बसतं. मात्र गाणं मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, उतरणारं असेल, तर काळी चारमध्ये मुलांना खाली आवाजच उरत नाही. सगळ्या गाण्यांना एक पट्टी कशी चालेल? राहिला होल्स्ट. हार्प कुठून आणायची, ते स्वरलेखन वाचायचं कोणी? आठवड्याला एक तास मिळतो हो. मी मडगावच्या ताईंच्या बाजूनं.

तंबोरा_हवाच: ओठ हलवायला सांगणं हा अन्यायच, त्यावर दुमत नाही. पण भूपालीचं पटलं नाही. भूपाली आणि देशकार, दोन्हींचे स्वर तेच. गंधारावर (ग) भर की धैवतावर (ध), यावरच राग ठरतो. तुमचा एक गट ग वर रेंगाळतोय आणि मागून येणारा ध वर, तेव्हा मुलांनी नक्की कोणता राग शिकायचा? शिवाय प वरून ग वर येतानाची मींड, म्हणजे सलग घसरत येणारा सूर, दोन्ही गटांकडून मिळायला हवी. ती सुटली तर उरतात नुसते पाच स्वर. तुमच्या मुलांचं ध्वनिमुद्रण असेल तर इथे टाका, ऐकून लिहितो.