अनुभव धागा : स्वस्तातले राक्षस आणि आचरट विनोद

राक्षसाच्या पाठीवरची चेन सरळ दिसते, तो शिंकला की अर्धी वस्ती शेंबडात बुडते आणि नायिका तरीही जीव तोडून किंचाळते. असे सिनेमे का आवडतात, हे मारबतीच्या गावाला, म्हणजे नागपूरला, वेगळं सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत निघते तेव्हा बांबू आणि कागद सगळ्यांनाच दिसतात, तरी 'घेऊन जा गे मारबत' हे बेंबीच्या देठापासूनच ओरडलं जातं. बनाव दिसतो म्हणूनच बघणारा त्यात सामील होतो. न्यूझीलंडचे दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या 'बॅड टेस्ट' सिनेमाचे (१९८७) मुखवटे आईच्या ओव्हनमध्ये भाजलेले होते. त्याची गंमत तिथेच आहे.

ज्यांनी असं काही बनवलंय त्यांनी लिहा. आठवणी नकोत. काय, किती, कुठे बिघडतं आणि का, एवढंच.

*अंग शिवणारा*

राक्षसाच्या अंगाला गादीवाल्याकडचा एक इंची फोम घ्या. चिकटवायला रबरी गोंद, म्हणजे एसआर ९९८ सारखा. दोन्ही कडांना लावून दहाएक मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासा झाला की मगच जोडा. ओला असताना जोडला तर आतला द्रावक उडून जात नाही आणि शिवण उन्हात उकलते. भिंतीचा किंवा साधा अ‍ॅक्रिलिक रंग फोमवर थेट मारू नका, कोपर वाकलं की तडकतो. रंग लिक्विड लॅटेक्समध्ये (पातळ रबरात) कालवून स्पंजने तीन पातळ हात द्या, प्रत्येक हात पुरता वाळू द्या. लॅटेक्सला अमोनियाचा वास असतो, खिडक्या उघड्या ठेवा. आत शिरणाऱ्याच्या मनगटावर आदल्या दिवशी थेंबभर लावून पाहा. काहींना पुरळ येतं.

बघायची भोकं राक्षसाच्या डोळ्यांत ठेवू नका, तोंडात ठेवा आणि आतून काळी जाळी लावा. मुंडकं वेगळं निघालंच पाहिजे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो, त्यात फोम घालून सलग दहा मिनिटांवर कोणाला ठेवायचं नाही. बाजूला एक माणूस फक्त त्याच्याकडे लक्ष द्यायला, हाती मीठ-साखरेचं पाणी. खरं सांगायचं तर डिसेंबर-जानेवारीतच शूटिंग करा, भौ.

*रक्त आणि शेंबूड*

रक्त : एक वाटी लिक्विड ग्लुकोज (केकचं सामान मिळतं तिथे), पाव वाटी पाणी, दोन चमचे लाल खायचा रंग, अर्धा चमचा कोको. कोको विसरलात तर कॅमेऱ्यात रक्त नाही, रूह अफ्झा दिसतं. उन्हात ते पातळ होतं, म्हणून दुपारच्या शॉटला पाणी निम्मं करा.

शेंबूड : लिटरभर पाण्याला १० ग्रॅम ग्वार गम (गवारीच्या बियांची पूड). पूड थेट पाण्यात टाकली की वरून गोळे धरतात आणि आत कोरडी राहते. आधी दोन चमचे ग्लिसरीनमध्ये कालवा, मग पाणी ढवळत ओता. अर्धा तास फुलू द्या. हिरव्यात चिमूटभर पिवळा रंग हवाच. त्याच सकाळी करा, उन्हाळ्यात रात्रभर ठेवलं तर नासतं आणि मग नट तोंड जवळ नेत नाही.

*लिहिणारी*

पादण्याचा विनोद आवाजावर उभा नसतो, आवाजानंतरच्या शांततेवर असतो. सेकंदाला २४ फ्रेमच्या गतीत १२ ते १८ फ्रेम कोणी हलायचं नाही, मग सगळ्यात मानी माणसाने नाक दाबायचं. सरपंच, साहेब, जावईबापू, कोणीही. खडी गंमत (विदर्भातलं लोकनाट्य) पाहिलेल्यांना हे ठाऊक आहे : अचकट बोलणं वर बसलेल्यावर गेलं तर मंडप हसतो, गरिबाच्या रंगारूपावर गेलं की मंडप गप्प होतो.

तीच गोष्ट तीनदा आली तर तिसऱ्यांदा तिने कथा हलवली पाहिजे. पहिला ढेकर ओळख करून देतो, दुसऱ्याने टोप्या उडतात, तिसऱ्याला कोणाच्या तरी हातात पेटती काडी असते. (काडीचा शॉट वेगळा घ्या, फोम आणि रबरी गोंद भराभर पेटतात.) आणि नटांनी हसायचं नाही. एकाने जरी 'बघा, कसलं भंकस आहे' असा चेहरा केला तरी सिनेमा तिथेच मेला.

*कागदवाला*

राक्षस झिरो माइल तुडवणार असेल तर खांब आणि घोडे पुठ्ठ्याचे. खळ : एक भाग मैदा, पाच भाग पाणी, शिजवताना थोडं मोरचूद, नाहीतर झुरळं खातात. मोरचूद विषारी आहे, ते भांडं परत स्वयंपाकात नको. एका वेळी कागदाचे तीनच थर. पावसाळ्यात पाच दिले की आतून बुरशी धरते.

मोडतोड जड वाटावी म्हणून कॅमेऱ्याची गती वाढवा : वस्तू खऱ्याहून जितक्या पट लहान, त्याचं वर्गमूळ. सोळा पट लहान असेल तर चार पट, म्हणजे सेकंदाला ९६ फ्रेम. छोटा फुटाळा तलाव मात्र करू नका, पाण्याचा थेंब लहान होत नाही आणि लगेच बादली दिसते.

*आवाजवाला*

हाड मोडायला मुळा, ओल्या फडक्यात गुंडाळून. आतडी : टरबुजाच्या गरात हात. गर्जनेला माणसाचाच ढेकर, निम्म्या गतीने.

*एक प्रश्न*

काहून हो, ते लाल डाग सुती कपड्यांवरून जातात का?

*रक्त आणि शेंबूड*

लगेच, थंड पाण्यात. गरम पाणी घातलं की रंग पक्का बसतो. रक्त घोळतानाच चमचाभर भांडी घासायचं लिक्विड टाकलं तर सोपं जातं, पण ते रक्त तोंडात घ्यायचं नाही. तोंडासाठी वेगळी बाटली, वर चिठ्ठी लावून.