'जरा कमी खा' म्हणणाऱ्यांसाठी

पायरीवरची

परवा सत्तावन्न_किलो यांनी दुसऱ्या धाग्यावर लिहिलं, "लठ्ठपणा हा आजार नाही, जिभेवर ताबा नसल्याची पावती आहे. आजार म्हटलं की गोळी गिळायला मोकळे." खाली +१ ची रांग लागली. तिथे उत्तर मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

२०१८ ला मी ९४ किलो होते. दीक्षितांच्या पद्धतीने दोनदाच जेवण, रोज पाच किलोमीटर चालणं. दीड वर्षात ७१. सोसायटीत सत्कार व्हायचा बाकी होता. पण ७१ वर असताना जेवून उठले की भूक लागायची. पोळीच्या डब्याचं झाकण उघडलेलं मला बाहेरच्या खोलीत ऐकू यायचं. ९४ वर असताना असं कधीच होत नव्हतं. पुढच्या तीन वर्षांत परत ८९. जेवणं तीच, चालणं तेच, फक्त ताटातला घास वाढत गेला. मी आळशी नक्की कुठल्या तारखेला झाले, ते कुणीतरी सांगा.

मेलबर्नला ५० जणांना दहा आठवडे कडक आहारावर ठेवलं होतं (अभ्यास २०११ मध्ये छापून आला). वर्ष उलटलं तरी भूक लावणारं घ्रेलिन चढलेलंच आणि पोट भरल्याचं सांगणारी संप्रेरकं उतरलेलीच. ते वाचून मी रडले होते. कुणाला हसायचं असेल तर हसा.

आणि गुडघा. पायरीवरून घसरले, डॉक्टरांकडे गेले. त्यांनी काट्यावर उभं केलं, कागदावर 'वजन कमी करणे' लिहिलं, गुडघ्याला हातसुद्धा लावला नाही. आठ महिन्यांनी दुसऱ्याने एमआरआय काढला तर मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली गादी, फाटलेला. बारीक बाई गेली असती तर त्याच दिवशी कळलं असतं.

सत्तावन्न_किलो

नाव घेतलंत म्हणून लिहितो. आमच्या आजोळी, लांज्याजवळ, सोळा माणसांत एक जाड नव्हता. चाळीस वर्षांत जनुकं बदलली का? बदललं ते सोफा आणि स्विगी. मी पहाटे साडेपाचला पर्वती चढतो, पाऊस असो नसो. माझं घ्रेलिन बहुतेक झोपलेलं असतं.

ताकभात

जनुकं नाही बदलली, बाजार बदलला. मान्य. पण त्याच बाजारात, त्याच घरात, एकाच कुकरचा भात खाऊन एक भाऊ ६० आणि दुसरा ९५ कसा? तिथे जनुकंच लागतात. चरबीतून निघून भूक आवरणारं लेप्टिन, त्याचं जनुक सापडलं १९९४ मध्ये, तीस वर्षं झाली. अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या टीव्ही स्पर्धेतले १४ जण सहा वर्षांनी तपासले, तर त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. म्हणजे दुसऱ्याइतकंच खाऊन ते जाड होणार.

आणि सत्तावन्न किलोचा एवढा अभिमान नको. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. याज्ञिकांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि लंडनच्या सहकाऱ्याचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. गोऱ्याची चरबी ९.१ टक्के, आपल्या डॉक्टरांची २१.२. जिममध्ये मशीन असतं, एकदा मोजून घ्या.

करडई

एवढं लिहिलंत आणि तेलाचं नाव नाही! रेशनवर पामतेल आलं तिथून पोटं सुटली. लाकडी घाण्याचं करडईचं तेल वापरा, सहा महिन्यांत फरक.

कोपऱ्यावरचा_नाना

एक ग्रॅम तेल म्हणजे नऊ कॅलरी. लाकडी घाण्याचं असो, लोखंडी असो.

करडई

आले कॅलरीवाले. रिफाइंडला वास तरी असतो का?

शेंगाचटणी

सोलापुरात करडई कोण खातं आता? शेंगदाणा. आणि 'लाकडी घाणा' म्हणून पाटी लावणाऱ्यांच्या आत मोटर असते. आमच्या गल्लीतल्याच्या मागच्या दाराला पंधरा किलोचे डबे उतरताना मी बघितलेत.

करडई

तुमच्या गल्लीवरून अख्ख्या महाराष्ट्राला चोर ठरवू नका. आमचा घाणेवाला समोर बिया टाकतो, पेंड सोबत देतो. चारशे रुपये लिटर, पण म्हशीलाही पेंड कळते.

वऱ्हाडी_जवस

जवसाचं तेल म्हणाल तर सगळे गप्प. माझी आजी ९१ वर्षं जगली त्यावर.

कोपऱ्यावरचा_नाना

माझी डालड्यावर ८८ जगली. आता?

पायरीवरची

अहो धागा कशावर आहे!

सत्तावन्न_किलो

गोळीवरच येतो. मार्च २०२५ ला वजन घटवायचं इंजेक्शन माउंजारो भारतात आलं, जूनमध्ये तसलंच वेगोव्ही, आणि नेमकं तेव्हापासूनच सगळ्यांना 'आजार' दिसायला लागला. वेगोव्हीतलं औषध सेमाग्लुटाइड बंद केलं की वर्षभरात घटलेल्या वजनाचं दोन तृतीयांश परत येतं, हे कंपनीच्याच चाचणीत आहे. जन्मभराचं गिऱ्हाईक मिळालं.

ताकभात

अमेरिकन मेडिकल असोसिएशनने लठ्ठपणाला आजार म्हटलं २०१३ मध्ये, तुमचं माउंजारो नंतरचं. औषध बंद केल्यावर त्रास परत येतो, यालाच तर जुनाट आजार म्हणतात. मागच्या दिवाळीत 'बीपीची गोळी सकाळी घ्यावी की रात्री' असा धागा कोणी काढला होता बरं? मीठ सोडलं, पर्वती चढता, तरी गोळी आहेच. तुम्हाला कोणी जिभेची पावती फाडली नाही.

सत्तावन्न_किलो

वैयक्तिक होऊ नका. माझ्या वडिलांनाही बीपी होतं, आमच्याकडे आनुवंशिक आहे.

पायरीवरची

आनुवंशिक. बरं. 😊

सत्तावन्न_किलो

हसा. एवढंच मानतो की तुमच्या गुडघ्याला हात लावायला हवा होता. बाकी माझं मत तेच.

पायरीवरची

मीही एक मानते, पैशाचं. इंजेक्शन माझ्या खिशाला परवडणारं नाही आणि शस्त्रक्रियेला विमा मिळायला बीएमआय ४० लागतो, किंवा ३५ आणि वर मोठा आजार. माझा ३४. म्हणजे आधी मधुमेह मिळवायचा आणि दोन किलो वाढवायचे. शिस्त लागेल त्याला.

ताकभात

(चार दिवसांनी धागा वर काढतोय) सत्तावन्न_किलो, मोजलीत का चरबी?

सत्तावन्न_किलो

मोजली. आकडा सांगणार नाही.

करडई

तेल कोणतं वापरता?